जुना प्रिंटर, वजनकाटा नाहीतर स्कॅनर नव्या पीसीला काल चालला, मग आज का चालत नाही?

नवा पीसी आणला, जुना डॉट मॅट्रिक्स (रिबिनीवर पिना आपटून छापणारा प्रिंटर) जोडला, टेस्ट पेज निघालं, दोन दिवस पावत्याही निघाल्या आणि मग एका सकाळी प्रिंटरच्या नावापुढं ऑफलाईन. वायर काढून परत लावली की कधी चालतंय कधी नाही. बेळगावात रविवार पेठेतल्या अडत दुकानात हेच, खानापूर तालुक्यातल्या दूध डेअरीत हेच, निपाणीत तंबाखूच्या वखारीवर काट्याचं हेच आणि उद्यमबागेत सीएनसीला, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या कटिंग मशीनला, प्रोग्रॅम पाठवणाऱ्या पीसीचंही हेच. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, जुन्या पीसीला ११ बसत नाही म्हणून बऱ्याच जणांनी पीसी बदलले, पण प्रिंटर आणि काटा तोच राहिला, तेव्हापासून हा प्रश्न जास्तच यायला लागलाय.

आणि उत्तर काय मिळतंय, तर "जुना झालाय, नवा घ्या". मला हे पटत नाही. कार्बन ठेवून एका फटक्यात तीन प्रती काढायच्या तर डॉट मॅट्रिक्सच पाहिजे, लेझर आणि इंकजेटला ते जमत नाही, आणि रिबिनीचा खर्च बघा, टोनरचा बघा. धडधाकट मशीन भंगारात घालायच्या आधी बिघाड नेमका कुठं आहे तेवढं तरी बघूया की. बहुतेक वेळा मशीन चांगलंच असतंय, मधलं काहीतरी बदललेलं असतंय.

सगळ्यात आधी मशीन एकटं चालतंय का ते बघा. पीसीची वायर काढून टाका, एप्सन एलएक्स-३०० सारख्या प्रिंटरला लाईन फीडचं बटण दाबून धरा आणि तसंच धरून खटका चालू करा, तो स्वतःच अक्षरांच्या ओळी छापायला लागतो. ओळी स्वच्छ आल्या म्हणजे हेड, रिबीन, मोटर सगळं ठीक. मग राहिल्या तीनच गोष्टी, वायर आणि पोर्ट, ड्रायव्हर (विंडोजला मशीनशी बोलता येण्यासाठीचा प्रोग्रॅम), आणि ज्या सॉफ्टवेअरमधून प्रिंट देताय ते. या तिन्हीतलं कुठलं हे ठरवल्याशिवाय नवी वायर, नवं कार्ड काहीच विकत घेऊ नका. वर्डपॅड बंद झालंय तर नोटपॅडमधून दोन ओळी छापून बघा. नोटपॅडमधून येतंय आणि बिलिंगमधून येत नाही म्हणजे भांडण सॉफ्टवेअरशी आहे, प्रिंटरशी नाही. एवढी एक तपासणी केली तरी अर्धा गोंधळ मिटतो.

आता त्या 'काल चालला आज नाही' कडं येऊ, कारण तेच सगळ्यांना छळतंय.

प्रत्येक यूएसबी वस्तूकडं स्वतःचा सिरीयल नंबर असावा अशी सोय आहे, पण सक्ती नाही. स्वस्तातल्या कन्व्हर्टर वायरींमध्ये तो नंबर घातलेलाच नसतो. मग विंडोज त्या वस्तूला ओळखतंय कशावरून, तर ती कुठल्या भोकात लावलीय त्यावरून. म्हणजे घर बदललं की माणूसच नवा धरायचा असला प्रकार. झाडू मारताना कुणीतरी वायर काढली आणि शेजारच्या भोकात लावली, की विंडोजच्या दृष्टीनं हा नवाच प्रिंटर, त्याला नवं पोर्ट, यूएसबी००१ चं यूएसबी००२, आणि यादीत जुन्याच नावाच्या शेवटी 'कॉपी १' लिहिलेला दुसरा प्रिंटर तयार. तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर मात्र जुन्याच नावावर पाठवत बसतंय, ते पोर्ट तर रिकामं, म्हणून ऑफलाईन. प्रिंटर बिघडलेला नाही, पत्ता चुकलाय.

ह्याला उपाय सोपा. प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये जाऊन मूळ नावाच्या प्रिंटरवर प्रिंटर प्रॉपर्टीज उघडा, पोर्ट्सचा टॅब बघा, तिथं यूएसबी००१, ००२, ००३ अशी रांग दिसेल, ज्या पोर्टपुढं 'कॉपी १' चं नाव आहे त्यावर मूळ प्रिंटरची टिकमार्क करा, अप्लाय करा. कॉपीवाला मग काढून टाका. अडकलेले प्रिंट असतील तर आधी ते साफ करायला लागतात, सर्व्हिसेसमध्ये प्रिंट स्पूलर (प्रिंट रांगेत लावणारी सेवा) थांबवा, विंडोज फोल्डरमधल्या सिस्टिम३२ मध्ये स्पूल, त्यात प्रिंटर्स नावाचं फोल्डर, त्यातल्या फाईली पुसा, स्पूलर परत चालू करा. आणि एकदा जुळलं की त्या भोकाजवळ आणि त्या वायरीवर एकाच रंगाची चिकटपट्टी लावून ठेवा, दुकानातल्या पोराला सांगून ठेवा की ही वायर इथंच. मी प्रत्येक ठिकाणी हे करतो, कारण सांगून ठेवलेलं विसरतं, पट्टी दिसते.

त्याच्याच जोडीला अजून एक सेटिंग, 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर'. हे चालू असलं की शेवटी ज्या प्रिंटरवर छापलं तोच डिफॉल्ट होतो. दुपारी कुणीतरी आधारची झेरॉक्स म्हणून लेझरवर एक पान काढलं की संध्याकाळच्या पावत्या लेझरवर जायला लागतात, नाहीतर पीडीएफ म्हणून सेव्ह करू का विचारतात. बंद करा ते आणि डिफॉल्ट हातानं ठरवा.

दुसरी एक खूण लक्षात ठेवा. रीस्टार्ट केला की चालतंय, पण रात्री शटडाऊन करून सकाळी चालू केला की चालत नाही, असं होत असेल तर फास्ट स्टार्टअपचा संशय घ्या. विंडोज १० आणि ११ मध्ये शटडाऊन म्हणजे पूर्ण बंद नसतं, आतला गाभा डिस्कवर गोठवून ठेवतात आणि सकाळी तसाच उचलतात, ड्रायव्हर नव्यानं सुरूच होत नाही. रीस्टार्टला मात्र सगळं नव्यानं होतं. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, त्यात पॉवर बटणं काय करतात ते ठरवायची जागा, तिथं आधी 'चेंज सेटिंग्ज' ची ओळ दाबायची मग फास्ट स्टार्टअपची टिक काढता येते. एचपी लेझरजेट १०२० वापरणाऱ्यांनी तर हे करावंच, त्या प्रिंटरमध्ये स्वतःचं फर्मवेअर (तो चालवणारा आतला प्रोग्रॅम) साठवलेलं नसतं, दरवेळी चालू केला की पीसीचा ड्रायव्हरच ते आत ढकलतो, आणि ती देवाणघेवाण चुकली की दिवा लागलेला असतो पण प्रिंटर मुका. सकाळी आधी पीसी पूर्ण चालू होऊ दे आणि मग प्रिंटरचा खटका, ही सवय लावली तरी बरंच निभावतं.

दिवसभरात मधेच बंद पडत असेल, म्हणजे गिऱ्हाईक नाही म्हणून अर्धा तास प्रिंट दिलं नाही आणि मग दिलं की येत नाही, तर वीज वाचवायची सेटिंग बघा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबवर पॉवर मॅनेजमेंटचा टॅब असतो, तिथली पीसीला हे उपकरण बंद करू देण्याची टिक काढा, आणि पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड डिसेबल करा.

'निळ्या पोर्टला (यूएसबी ३) लावू नका, काळ्याला (यूएसबी २) लावा' हा सल्ला सगळेच देतात. जुन्या बोर्डावर तो बरोबर होता. पण इंटेलनं २०१५ च्या स्कायलेकपासून यूएसबी २ चा वेगळा कंट्रोलरच काढून टाकला, त्यानंतरच्या बोर्डावर काळं काय निळं काय, मागं एकच यूएसबी ३ चा कंट्रोलर असतो. म्हणून नव्या पीसीला भोक बदलून फरक पडत नाही म्हणून हैराण होऊ नका. त्यापेक्षा मधे एक यूएसबी २ चा साधा हब लावा, शक्यतो स्वतःचा ॲडॅप्टर असलेला. जुने स्कॅनर आणि जुने प्रिंटर हबमधून शहाण्यासारखे चालतात, कारण मग त्यांचं बोलणं हबशी होतं. आणि पुढच्या बाजूचं भोक नको, कॅबिनेटच्या पुढच्या पॅनेलपर्यंत आतून बारीक वायर आलेली असते. पाच मीटरच्या वर यूएसबी २ ची वायर ओढू नका, काउंटर लांब आहे म्हणून दोन एक्स्टेंशन जोडलेली असतात आणि दोष प्रिंटरला.

आता पॅरलल पोर्ट, म्हणजे तो २५ पिनांचा रुंद कनेक्टर आणि प्रिंटरच्या बाजूला ३६ पिनांचा, दोन्हीकडं तारेच्या कड्या असलेला. नव्या पीसीला हे पोर्ट नसतं. तेव्हा दोन वाटा, यूएसबी ते पॅरलल वायर नाहीतर पीसीआय एक्सप्रेसचं कार्ड. दोन्हीत फार फरक आहे आणि वायर स्वस्त म्हणून सगळे तीच घेतात. ती वायर खरं म्हणजे पॅरलल पोर्ट बनवतच नाही, ती फक्त 'यूएसबी प्रिंटर' असल्यासारखी वागते. म्हणजे विंडोजच्या प्रोग्रॅममधून छापायचं असेल तर चालते, पोर्ट म्हणून यूएसबी००१ निवडायचं, एलपीटी१, म्हणजे खरं पॅरलल पोर्ट, निवडून बसला तर जन्मभर येणार नाही. पण डोंगल (सॉफ्टवेअर चालू होण्यासाठी पोर्टला लावायची किल्ली), जुना स्कॅनर, पॅरललवरचा दुसरा कुठला यंत्रप्रकार तिच्यावर चालायचा नाही. जुन्या मराठी डीटीपी सॉफ्टवेअरचा पॅरलल डोंगल घेऊन बरेच छापखानेवाले ही वायर आणतात, त्यांना आधीच सांगतो, पैसे वाया जातील. कार्डावर सुद्धा डोंगल चालेलच असं नाही, कारण जुन्या पोर्टचा पत्ता ठरलेला असायचा आणि कार्डाचा वेगळा असतो, थेट त्या पत्त्यावर शोधणारं सॉफ्टवेअर त्याला ओळखत नाही. डोंगलवाल्यांनी जुना पीसीच इंटरनेट न लावता त्या कामापुरता जपून ठेवावा, हे माझं प्रामाणिक मत.

कार्ड घ्यायच्या आधी कॅबिनेट उघडून बोर्ड बघा. काही बोर्डांवर कॉम (सिरीयल) आणि एलपीटी (पॅरलल) अशी छापलेली पिनांची ओळ असते, फक्त मागं पोर्ट काढलेलं नसतं, तिथं पट्टीवाली वायर लावली की खरंखुरं पोर्ट मिळतं आणि ते कार्डापेक्षा चांगलं. आणि एक कळकळीनं सांगतो, पॅरलल वायर चालू मशीनवर लावायची नाही की काढायची नाही. ती यूएसबी नाही. दोन्ही खटके बंद, मग वायर.

पतसंस्था आणि अडत दुकानं यांच्याकडं अजून डॉसमधले, म्हणजे विंडोजच्या आधीच्या जमान्यातले, फॉक्सप्रोचे हिशोबाचे प्रोग्रॅम आहेत आणि ते नीट चालतात, त्यांना हलवायचं कशाला. पण ते प्रोग्रॅम थेट एलपीटी१ वरच पाठवतात, यूएसबी त्यांना माहीतच नाही. विंडोज ३२ बिट होतं तेव्हा एक युक्ती होती आणि तसा पीसी असेल तर अजूनही कामाची आहे. प्रिंटर शेअर करा, शेअरचं नाव लहान ठेवा, चार-पाच इंग्रजी अक्षरं, स्पेस नको. मग साधा कमांड प्रॉम्प्ट उघडा, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून नको, तिथं नेट यूज लिहून स्पेस, एलपीटी१ आणि कोलन, परत स्पेस, मग दोन उलट्या तिरक्या रेघा, पीसीचं नाव, एक उलटी तिरकी रेघ, शेअरचं नाव, शेवटी स्पेस देऊन सरळ तिरकी रेघ आणि पर्सिस्टंट कोलन येस. एंटर मारला की एलपीटी१ वर गेलेलं सगळं त्या यूएसबी प्रिंटरवर येतं.

पण नवा पीसी म्हणजे ६४ बिट विंडोज, त्यात १६ बिटचा डॉस प्रोग्रॅम उघडतच नाही, आणि विंडोज ११ तर ३२ बिटमध्ये आलंच नाही. तिथं डॉसबॉक्स-एक्स नाहीतर व्ही-डॉस घ्या, हे विंडोजच्या आत डॉस चालवून देणारे प्रोग्रॅम. साध्या डॉसबॉक्समध्ये छपाईची सोय नाही, तो खेळांसाठी आहे, नाव सारखं म्हणून तोच टाकला जातो आणि मग प्रिंट का येत नाही म्हणून दिवस जातो. व्ही-डॉस असल्या हिशोबाच्या प्रोग्रॅमसाठीच बनवलाय. आधी डेटाची कॉपी पेनड्राईव्हवर घ्या आणि कॉपीवरच प्रयोग करा, मूळ वह्या सभासदांच्या आहेत.

ड्रायव्हरचं. एलएक्सचा नेमका ड्रायव्हर मिळाला नाही तर ॲड प्रिंटरमध्ये हातानं निवडायच्या यादीत विंडोज अपडेटचं बटण दाबा, यादी भरायला वेळ लागतो, थांबा, मग एप्सनमध्ये एलएक्स सिरीज १ च्या पुढं ८० लिहिलेला मिळतो. टीव्हीएसचे ९ पिनी प्रिंटरही एप्सनची भाषा समजतात म्हणून तोच त्यांनाही चालतो. प्रिंटरवरच्या सेटिंगमध्ये भाषा एप्सनची आहे का तेवढं बघा.

इथंच आपल्याकडचा एक वेगळा त्रास. पावतीवर नावं मराठीत, कधी कन्नडमध्ये, आकडे इंग्रजीत. प्रिंटरच्या आत फक्त इंग्रजी अक्षरं भरलेली असतात, म्हणून इंग्रजी मजकूर 'जेनेरिक टेक्स्ट ओन्ली' ड्रायव्हरनं भरभर निघतो, पण देवनागरी किंवा कन्नड आलं की विंडोज सगळं पान चित्र म्हणून पाठवतं आणि प्रिंटर एकेक ओळ घासत बसतो. नव्या पीसीवर प्रिंटर स्लो झाला अशी तक्रार येते त्यातल्या बऱ्याच याच असतात, जुन्या पीसीवर डॉसमधून इंग्रजी निघत होतं, आता विंडोजमधून मराठी निघतंय. यात बिघाड काही नाही. रेझोल्यूशन कमी करा, १२० बाय ७२ च्या आसपास ठेवा, वेग वाढतो, आणि टेक्स्ट ओन्ली लावून मराठी छापायचा प्रयत्न करू नका, प्रश्नचिन्हंच येतील.

पावती दरवेळी थोडी खाली सरकते, दहाव्या पावतीला फाडायची रेघ मधोमध येते, हे कागदाच्या मापाचं. विंडोज नव्यानं बसलं की कागद ए४ नाहीतर लेटर धरतंय आणि तुमचा भोकांचा कागद असतो १० बाय ६ नाहीतर १० बाय १२ इंच. प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये नवा फॉर्म तयार करा, उंची पट्टीनं मोजून टाका, मार्जिन शून्य, नाव द्या, मग तोच फॉर्म प्रिंटरच्या प्रेफरन्सेसमध्ये पण निवडा आणि बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये पण. एका ठिकाणी निवडला आणि दुसरीकडं ए४ राहिला की सरकणं चालूच.

आता काटा. हा विषय मला फार जवळचा, कारण प्रिंटर बंद पडला तर हातानं पावती लिहिता येते, पण काटा पीसीला वजन देईना झाला की गाड्यांची रांग लागते. काट्याचा इंडिकेटर (वजनाचे आकडे दाखवणारा डबा), दुधाचं फॅट मशीन, सीएनसी, सगळे आरएस-२३२, म्हणजे सिरीयल पोर्टची भाषा, बोलतात, ९ पिनी कनेक्टर. नव्या पीसीला यूएसबी ते सिरीयल वायर लावतात आणि तिथं परत तेच, सिरीयल नंबर नसलेली चिप असेल तर भोक बदललं की कॉम३ चं कॉम७ होतं, आणि काट्याचं सॉफ्टवेअर कॉम३ वर वाट बघत राहतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टवर जाऊन ॲडव्हान्स्डमध्ये नंबर बदलता येतो. जुन्या सॉफ्टवेअरला कॉम१ ते ४ एवढेच कळतात, म्हणून त्यातलाच द्या. 'इन यूज' म्हणालं तर घाबरू नका, बहुतेक ती जुन्या वायरीची सावली असते, व्ह्यूमध्ये शो हिडन डिव्हाइसेस केलं की फिकट दिसणारे जुने पोर्ट दिसतात, ते अनइन्स्टॉल करा.

पिवळा त्रिकोण येत असेल तर चिप बघा. प्रोलिफिकच्या पीएल२३०३ च्या जुन्या चिपा, आणि त्यांच्या ढिगानं आलेल्या नकला, नव्या ड्रायव्हरला चालत नाहीत. विंडोज १० मध्ये कोड १० यायचा, ११ मध्ये तर वायरीच्या नावाच्या जागीच २०१२ पासून बंद केलेली चिप आहे, विकणाऱ्याला भेटा असं लिहून येतं. तात्पुरता उपाय म्हणजे २००८ चा ३.३.२.१०५ नंबरचा ड्रायव्हर टाकायचा आणि अपडेट ड्रायव्हरमधून हातानं तोच निवडायचा. पण विंडोज अपडेट आला की परत नवा बसतो आणि परत त्रिकोण, म्हणूनच हा आजार महिन्याला उलटतो. काट्यासारख्या रोजच्या कामाला चांगल्या चिपची वायर घ्या, एफटीडीआयची असेल तर उत्तम, तिच्यात सहसा सिरीयल नंबर असतो, भोक बदललं तरी कॉम नंबर तोच राहतो. सीएच३४० स्वस्त आहे आणि चालते, पण तिला पट्टी लावायला विसरू नका.

वायर चांगली आहे का हे काट्याकडं न जाता बघता येतं. ९ पिनांतली २ नंबर आणि ३ नंबर पिन एकमेकींना चिकटवा, कागदाची टाचणी सुद्धा चालते, पुटी नाहीतर टेरा टर्म हा पोर्टवरचं दाखवणारा प्रोग्रॅम उघडा, कॉम नंबर द्या आणि काहीही टाईप करा. टाईप केलेलं परत स्क्रीनवर दिसलं म्हणजे पीसी, ड्रायव्हर, वायर तिन्ही ठीक. टाचणी काढली की दिसायचं थांबलं पाहिजे. त्यानंतर इंडिकेटर जोडा, आणि कचरा अक्षरं आली तर स्पीड चुकीचा, काहीच आलं नाही तर २ आणि ३ ची अदलाबदल करून बघा, सरळ वायर आणि उलटी वायर हा फरक तिथंच असतो, ५ नंबर ग्राउंड दोन्हीकडं ५ च.

अजून एक विचित्र लक्षण, माहीत नसलं तर माणूस व्हायरस समजतो. पीसी चालू झाला की माऊसचा बाण आपोआप उड्या मारतोय, खिडक्या उघडतात बंद होतात. इंडिकेटर सतत वजन पाठवत असतो, विंडोज चालू होताना त्या पोर्टवर काहीतरी येताना बघून तो जुना सिरीयल माऊसच आहे असं धरतं. मग पोर्ट माऊसनं धरलेलं म्हणून काट्याच्या सॉफ्टवेअरलाही मिळत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माइस खाली मायक्रोसॉफ्ट सिरीयल बॉलपॉइंट दिसेल, त्याला डिसेबल करा. अनइन्स्टॉल केलं तर पुढच्या वेळी परत येतो, डिसेबलच.

उद्यमबागेतल्या मंडळींसाठी थोडं. सीएनसीच्या कंट्रोलला बऱ्याच ठिकाणी ७ बिट, ईव्हन पॅरिटी, २ स्टॉप बिट आणि एक्सऑन-एक्सऑफ (थांब-चालू सांगायची पद्धत) असतं, पीसीवर मात्र मुळातच ८ बिट, पॅरिटी नन, १ स्टॉप बिट असतं, दोन्ही जुळवा. मोठा प्रोग्रॅम पाठवत पाठवतच कटिंग करत असाल तर यूएसबी वायर नको. मशीननं थांब म्हटलं तरी यूएसबीकडून ते उशिरा पोचतं आणि तेवढ्यात काही ओळी सांडतात, आणि जॉबवर सांडलेली ओळ म्हणजे टूल तुटणं. तिथं पीसीआय एक्सप्रेस सिरीयल कार्डच पाहिजे. आणि वायर १५ मीटरच्या आत.

स्कॅनरचं थोडक्यात. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटवर चालत नाही, कंपनीनं नवा काढला नाही की संपलं. मग व्ह्यूस्कॅन हे स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर विकत घ्या, त्याच्याजवळ कित्येक जुन्या स्कॅनरचे स्वतःचे ड्रायव्हर आहेत, आधी फुकट व्हर्जनवर स्कॅन होतंय का बघून मगच पैसे भरा. नाहीतर जुन्या पीसीवर लिनक्स टाका, कॅननचे लायडी २०, २५ तिथं चालतात, एचपी १०२० पण चालतो. ड्रायव्हर टाकताना मेमरी इंटिग्रिटी ही विंडोजची सुरक्षेची सोय आड येते, ती बंद करा असं व्हिडिओत सांगतात, पण ज्या पीसीवर बँकेचं काम चालतं तिथं एका स्कॅनरसाठी ती बंद करू नका. एचपी १०१०, १०१२ वाल्यांना ड्रायव्हर मिळत नाही, त्यांनी पोर्टच्या यादीतल्या डॉट४ पोर्टवर लेझरजेट ३०५५ पीसीएल५ चा ड्रायव्हर लावून बघावा, बऱ्याच जणांचं भागतं.

जुन्या गोल पिनेच्या टीव्हीएस गोल्ड कीबोर्डवर जीव असलेले टायपिस्ट आपल्याकडं कोर्टाच्या आसपास भरपूर आहेत. नव्या बोर्डावर अजूनही बऱ्याचदा गोल पोर्ट असतं, बघून घ्या, आणि पीसी बंद असताना लावा, चालू असताना लावला तर ओळखत नाही. पोर्ट नसलं तर तो इवलासा जांभळा-हिरवा ॲडॅप्टर घेऊ नका, त्यात नुसत्या तारा असतात. आत चिप असलेला वायरीचा कन्व्हर्टर घ्या.

वळवाच्या दिवसांत, एप्रिल-मे मध्ये ढग जमायला लागले की काट्याची आणि पॅरललची वायर पीसीपासून काढून ठेवा, अर्थात आधी खटके बंद करून. लांब वायर आणि दोन्हीकडं वेगवेगळी अर्थिंग असली की वीज कडाडल्यावर पहिलं जातं ते पोर्ट. यूपीएस असला तरी सिरीयल वायरीतून येणारा झटका तो अडवत नाही. खानापूर, जांबोटीकडं पावसाळ्यात कनेक्टरच्या पिनांवर गंज धरतो आणि निपाणीत वखारीतली तंबाखूची धूळ बसते, म्हणून ढिलं लागतंय असं वाटलं की आधी कोरड्या ब्रशनं आणि कॉन्टॅक्ट क्लीनरनं पिना साफ करा, निम्म्या वेळा तेवढ्यावरच भागतं.

आणि हे सगळं सोपं जावं म्हणून जुना पीसी द्यायच्या आधी करायचं काम. मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २०२३ मध्येच सांगितलंय की प्रिंटर कंपन्यांचे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं ते टप्प्याटप्प्यानं थांबवणार, म्हणजे आज जो ड्रायव्हर आपोआप मिळतोय तो पुढं मिळेल असं धरू नका. विंडोज ११ मध्ये विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड आलाय, तो चालू केला की कंपनीचे ड्रायव्हर निघून जातात, जुना प्रिंटर असेल तर त्याला हात लावू नका. जुन्या पीसीवर प्रिंटर प्रॉपर्टीजच्या प्रत्येक टॅबचा, कागदाच्या फॉर्मचा, कॉम पोर्टच्या स्पीड-पॅरिटीच्या खिडकीचा, बिलिंगमधल्या प्रिंटर सेटिंगचा मोबाईलवर फोटो काढा. ड्रायव्हरच्या सेटअप फाईली पेनड्राईव्हवर घ्या, विंडोज १० असेल तर पीएनपीयुटिलच्या एक्सपोर्ट ड्रायव्हर कमांडनं सगळे एकदम निघतात. आणि नव्या पीसीवर सगळं नीट छापून, वजन येऊन, निदान आठवडाभर शटडाऊन करून परत चालू होऊन दाखवेपर्यंत जुना पीसी कुणाला देऊ नका.